आधी पाय, मग मी

आमच्या हॉस्पिटलात खुब्याच्या सांध्याखेरीज दुसरं काही बघत नाहीत. एका सांध्यासाठी अख्खी इमारत, हे लोकांना आधी खरं वाटत नाही. पण सकाळी बाहेरच्या बाकांवर जरा वेळ बसून बघावं. कुणाच्या सांध्याची झीज झालेली असते. खुर्चीतून उठताना जांघेत कळ येते आणि भल्याभल्यांच्या तोंडून नको तो शब्द निघतो. कुणाच्या मांडीच्या हाडाचा गोळा रक्त पोचेनासं होऊन आतल्या आत वाळलेला असतो, आणि हे बरेचदा तरणे असतात. न्हाणीघरात घसरून आलेल्या आजीबाई असतात. कुणाला नुसतंच कुशीवर झोपलं की बाहेरच्या बाजूनं आग होते. त्यांना एखादी सुई देऊन, व्यायाम शिकवून घरी पाठवतात, तर ते हिरमुसतात. एवढं दुखतंय आणि ऑपरेशन नाही म्हणजे काय! आणि मग असतात जन्मतःच गोळा सांध्याच्या वाटीबाहेर घेऊन आलेले.

माझी ताई या शेवटच्यांतली.

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन झालेल्या माणसांना मी पुन्हा चालायला शिकवते. तळमजल्यावर एक लांब पॅसेज आहे, एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला उंच खिडक्या. सगळ्या इमारतीत गुळगुळीत फरशी, पण इथली जमीन मुद्दाम लाकडी ठेवलेली आहे, पावलांचा आवाज यावा म्हणून. माणूस आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर नीट चालतो. आवाजाला ते जमत नाही. दुखऱ्या पायावर तो किती कमी थांबला, कंबर कुठे कलली, हे ठोक्यात कळतं. म्हणून मी बघते कमी आणि ऐकते जास्त.

आमचे मोठे डॉक्टर स्वतःला सुतार म्हणवतात. करवत, हातोडा, ड्रिल सगळं त्यांच्याकडे आहेच. नवीन पेशंट घाबरलेला दिसला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "मी फक्त बिजागर बसवणार. दार कसं उघडायचं-मिटायचं ते या बाई शिकवतील. फार हळू बोलतात, पण ऐकावं लागतं हं त्यांचं."

पॅसेजच्या शेवटी जमिनीत एक पितळी पट्टी आहे. तिच्यापलीकडे बाहेरचं दार. पट्टीच्या अलीकडच्या कोपऱ्यात जुन्या काठ्या, कुबड्या, एका पायाचा तळ उंच केलेल्या चपला ठेवलेल्या असतात. ज्याला गरज असेल त्यानं न विचारता न्याव्यात. शेवटच्या दिवशी पेशंट आधाराशिवाय पट्टीपर्यंत चालत येतो, आपली काठी त्या कोपऱ्यात ठेवतो, आणि मी म्हणते, "जुनी चाल इथं सोडून जायची. मागं वळून बघायचं नाही." हे वाक्य माझं नाही. माझ्याआधी इथं असलेल्या बाई म्हणायच्या. त्यांच्याकडून मी मोजायची टेप घेतली, कपाटाच्या किल्ल्या घेतल्या, तसं हेही घेतलं. शरीराला जुनी सवय सोडायला सांगावं लागतं, त्यात चूक काहीच नाही.

घरी मी आणि ताई, दोघीच. दगडी जिन्याची जुनी इमारत, आमचं घर सगळ्यांत वरचं. ताई कपडे शिवायची. पायाच्या मशीनवर, विजेवरचं तिला आवडायचं नाही. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड, म्हणून डाव्या चपलेला बुचाचा जाड थर लावलेला. चालताना एक ठोका भरीव, एक पोकळ, आणि मधे जरा जास्तीचं थांबणं, बोलता बोलता एखादं नाव आठवेनासं व्हावं तसं. मशीनचा ठोकाही तसाच. आणि ती कलून बसायची म्हणून तिची टीप दर वितीला किंचित डावीकडे झुकायची. गिऱ्हाइकांना ती खूण पाठ होती. कुणी चेष्टा केली तर म्हणायची, "मापात आहे ना? मग! शिवणारीच वाकडी, टीप कुठून सरळ आणू?"

तिची जीभ तिखट आणि हसू मोठं. मी हळू बोलते म्हणून लहानपणापासून मला मुंगी म्हणायची. जिन्यात तिची पावलं वाजली की मी दार उघडून उभी राहायचे, आणि ती वर पोचता पोचता धापा टाकत म्हणायची, "मी येते तेव्हा आधी माझा पाय येतो, मग मी." आमच्या आईलाही ती हेच सांगायची आणि आई दर वेळी नव्यानं हसायची.

आईकडूनच माझ्याकडे संध्याकाळचा नेम आला. कामावरून आल्यावर दिवा लावायचा, आणि तो आपणहून शांत होईपर्यंत पुटपुटलेल्या प्रार्थनेखेरीज काही बोलायचं नाही, जागचं उठायचं नाही. तेवढा वेळ दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी घालायची नाही. त्या वेळात जो कुणी दाराशी येईल त्याला नाही म्हणायचं नाही. ऐकायला मोठं वाटतं, पण येऊन येऊन येणार कोण? एक मांजर येतं. आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका येतात. त्यांच्या घरात काड्यापेटी कधीच नसते. मी बोलणार नाही हे त्यांना ठाऊक, ते आत येतात, फळीवरून काड्यापेटी घेतात, दिव्याला हात जोडतात आणि जातात. ताई मशीनवरून म्हणायची, "काका, तुम्ही आमच्या घरी देवासाठी येता की काड्यांसाठी?" आणि मग मला, "मुंगे, एवढं हळू पुटपुटतेस, त्याला ऐकू तरी जातं का गं?"

ऑपरेशनला ती वर्षानुवर्षं नाही म्हणत आली. पण दुखणं वाढत गेलं. आधी जांघेत, मग गुडघ्यापर्यंत, मग झोपेतही. शेवटी एकदा मशीनवर बसल्या बसल्या तिला उठता येईना आणि तिनं मला हाकही मारली नाही, मी येईपर्यंत तशीच बसून राहिली. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांपुढे बसलो.

"यांना वाटी म्हणून नाहीच," एक्स-रे उजेडात धरून ते म्हणाले. "उथळ बशी आहे. त्यावर गोळा आयुष्यभर घसरत राहिलाय. कशा चाललात हो इतकी वर्षं?"

"तुम्ही नव्हता ना सांगायला, चालता येणार नाही म्हणून," ताई म्हणाली.

ऑपरेशन उत्तम झालं. नवी वाटी बसली, नवा गोळा बसला, पायाची लांबी जवळजवळ सारखी आली. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला वीतभर टाके. वॉकर, मग कुबड्या, मग काठी. मी तिला बाकीच्यांसारखंच शिकवलं: आधी टाच, मग तळवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. काही आठवड्यांनी ती पितळी पट्टीपाशी येऊन उभी राहिली. डॉक्टर मुद्दाम खाली आले होते. बाकांवर बरेच लोक होते. ताईनं आपल्या जुन्या चपला कोपऱ्यात ठेवल्या.

"जुनी चाल इथं सोडून जायची," मी म्हणाले.

"आणि ती बिचारी कुठं जाईल? दुसऱ्या कुणाकडे राहायची सवय नाही तिला."

लोक हसले. डॉक्टरही हसले.

"विचारत विचारत घरी आली तर?"

"येऊ दे की," मी म्हणाले. "आपल्या दारातून कुणी परत जात नाही."

माझा आवाज लहान आहे. पण त्या पॅसेजात लाकडामुळे बोललेलं लांबवर जातं.

ताई पट्टी ओलांडून गेली. ठोके अगदी सम होते. मी डोळे मिटून ऐकले, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले.

*

सरळ चालणारी ताई फार गुणी होती. ताठ बसायची, सांगितलेला प्रत्येक व्यायाम करायची, रात्री पायांत उशी घेऊन झोपायची. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "असा पेशंट काचेच्या कपाटात ठेवायला हवा." ती नुसती हसली. पूर्वीची असती तर कपाटाचं माप विचारलं असतं.

मोठ्या दुखण्यानंतर माणसं मऊ होतात, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे तिनं चहाचा कप हातात घेऊन "आभारी आहे गं" म्हटलं, तेव्हा मला मौज वाटली. ताईनं जन्मात कधी कुणाचे आभार मानले नव्हते. मग ती रोजच म्हणायला लागली. चहाला, टॉवेलला, खिडकी उघडल्याबद्दल. मला मुंगी म्हणणं थांबलं. कुठल्याच नावानं हाक मारेनाशी झाली. मशीनवर बसली की ठोके एकसारखे पडायचे आणि टीप रुळासारखी सरळ यायची. एका जुन्या गिऱ्हाइकानं झगा उलटसुलट करून विचारलं, "बाहेरून शिवून आणला का?"

संध्याकाळी दिवा लावला की ती आपली खुर्ची माझ्या शेजारी आणून बसायची. हात जोडून, गप्प. इतक्या वर्षांत ताई कधी दिव्यापाशी बसली नव्हती. मला बरं वाटायचं. खोटं का बोलू, फार बरं वाटायचं.

पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला तो हॉस्पिटलात, जेवणाच्या सुट्टीत. पॅसेज रिकामा होता. मी आतल्या खोलीत व्यायामाचे रबरी पट्टे गुंडाळून ठेवत होते. बाहेर कुणीतरी चालत होतं. एक ठोका भरीव, एक पोकळ. मधे थोडं थांबणं.

कुणी नवा पेशंट काठीशिवाय फिरत असेल, असं समजून मी दटावायला बाहेर आले. पॅसेजात खिडक्यांच्या उन्हाचे चौकोन पडले होते आणि माणूस नव्हतं. आवाज माझ्यासमोरून पुढे गेला. उन्हात धूळ तरंगत होती, तीही हलली नाही. पट्टीपाशी जाऊन आवाज थांबला.

मी डॉक्टरांना सांगितलं, ताईचं नाव न घेता.

"लाकूड आहे बाई," ते म्हणाले. "दिवसभर दाबलं जातं, मग सावकाश उठतं. आमच्या घरचं कपाटही बोलतं. बायको म्हणते तुमच्यापेक्षा बरं बोलतं."

मला ते पटलं. लाकूड उठतंच.

दोन-चार दिवसांनी कोपऱ्यातल्या ताईच्या चपला दिसेनात. कुणी गरजूनं नेल्या असतील. त्यासाठीच त्या ठेवलेल्या असतात. पण त्या दिवसापासून पॅसेज शांत झाला, आणि आवाज रस्त्यावर आला.

संध्याकाळी परतताना गर्दीत माझ्यामागून. शेकडो पावलं असतात रस्त्यावर, पण आईला आपल्या मुलाचं रडणं जसं शंभरांत कळतं, तसं मला ते कळत होतं. मी चौकात थांबले की तेही थांबायचं. एक पाऊल जास्तीचं टाकून, ताई थांबायची तसं. मी मागं वळून बघितलं नाही. का, ते मला तेव्हा सुचलं नाही. पुढं लक्षात आलं की ते मीच शिकवत आलेय.

घरी पोचले तर ताई खिडकीपाशी ताठ बसलेली. "दमलीस? पाणी देऊ?"

"ताई, तू मगाशी खाली गेली होतीस का?"

"नाही गं. तू सांगितल्याशिवाय मी जिना उतरत नाही."

पुढं ते आमच्या जिन्यात शिरलं. दिवा लावून बसले की खालून ठोके ऐकू यायचे. एके दिवशी पहिल्या वळणापर्यंत. मग घड्याळवाल्या काकांच्या दारापर्यंत. पूर्वी ताई जिथं जिथं दम खायला टेकायची, तिथं तिथं ते टेकत होतं. रोज थोडं वर.

सकाळी काकांनी मला जिन्यात अडवलं. त्यांच्या डोळ्याला ते बारीक बघायचं भिंग तसंच लावलेलं होतं.

"ताईंचा पाय पुन्हा बिघडला का हो?"

"नाही, काका. छान आहे."

"मग काल संध्याकाळी... ठोका जुना वाटला मला. मी आतून ओरडलोसुद्धा, काय ताई, काड्यापेटी आहे का म्हणून." त्यांनी भिंग काढलं. "एरवी सोडतात का त्या मला? काल उत्तर नाही आलं."

त्या संध्याकाळी मी वात लावली. ताई शेजारी येऊन बसली. खाली ठोके सुरू झाले. भरीव, पोकळ. ते काकांच्या दारावरून पुढं आले. ताईनं हात जोडलेलेच होते. माझ्याकडे न बघता, अगदी सभ्यपणे तिनं विचारलं,

"ती आली, की मी कुठं बसायचं?"

मला बोलता येत नव्हतं. दिवा शांत झाल्यावर मी तिचा दंड धरला. "कोण आली की? ताई, कुणाबद्दल म्हणालीस?"

ती गोंधळली. "मी काही बोलले का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावण्याआधी मी बराच वेळ कडीकडे बघत उभी राहिले. आईच्या वेळेपासून त्या वेळात ती कधी लागलेली नव्हती. त्या दारातून भुकेले आलेत, भांडून आलेले शेजारी आलेत, एकदा एक चोरही आला होता म्हणे आणि आईकडून पाणी पिऊन गेला. भीती वाटते म्हणून नेम मोडायचा असेल, तर तो पाळायचा तरी कशाला? मी दार लोटलं आणि येऊन बसले.

ठोके आले. सगळा जिना चढून आले. दाराशी नेहमीसारखे थांबले, धाप टाकायला.

दार करकरलं.

भरीव. पोकळ. माझ्या पाठीमागून, अगदी जवळून. साडीच्या काठाला हात लागावा इतकं जवळून. मशीनपाशी जाऊन आवाज थांबला.

मग बराच वेळ काहीच नाही. पाय आला होता.

शेजारच्या खुर्चीकडे मी नजर वळवली नाही. मला दिव्याची ज्योत तेवढी दिसत होती.

मग पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला. खोल, पाण्यातून वर आल्यासारखा. मशीनच्या तेलाचा वास आला. आणि मशीन सुरू झालं, लंगडत.

दिवा शांत झाल्यावर मी वळले. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी हात टेकवला. लाकूड अजून उबदार होतं. मशीनवर ताई कलून बसली होती. पायात त्या जुन्या चपला.

"काय बघतेस मुंगे?" ती म्हणाली. "भूत बघितल्यासारखं तोंड करून?"

*

मला लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला. घर पुन्हा हसायला लागलं. काकांना काड्यांवरून बोलणी बसायला लागली, आणि ते खुश झाले. गिऱ्हाइकाला वाकडी टीप मिळाली. आधीचे आठवडे ताईला आठवत होते की नाही, मी विचारलं नाही. हॉस्पिटलचा विषय काढला की ती म्हणायची, "तुझ्या सुताराला म्हणावं, दुसऱ्या कुणाचं दार बसव." तपासणीची तारीख मी एकदा पुढं ढकलली, मग पुन्हा ढकलली. ऑपरेशननंतरही काही जण सवयीनं लंगडतात, हे मी स्वतःला रोज सांगत होते. असे पेशंट मी पाहिलेत.

पण दुखणं परत आलं. सवयीनं लंगडणाऱ्याला दुखत नाही. ताईला उठताना जांघेत कळ येऊ लागली, झोपेत ती कण्हू लागली. एका सकाळी तिला न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठवेना. मी आत गेले, तिच्या काखेत हात घातला. ओला पदर बाजूला झाला आणि डाव्या खुब्यावर माझी नजर गेली.

मी बोटं फिरवली. वर, खाली, मागच्या बाजूला. टाक्यांची खूण कधी कधी फिकट होते. मी दिवसभर तेच बघते; किती फिकट होते ते मला माहीत आहे. तिथं खूणच नव्हती. कातडी लहान मुलीसारखी गुळगुळीत होती. उजव्या बाजूलाही बघितलं.

"काय शोधतेस?" ताईनं विचारलं. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"काही नाही."

"मग शोधू नकोस."

मी तिला पुसलं, कपडे घातले, मशीनवर बसवलं. मी जिच्याबरोबर ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेले होते, जिचे टाके माझ्यासमोर निघाले, जिला मी टाच आणि तळवा शिकवला, ती कुठं होती? एवढी गुणी बाई. न विचारता जिना न उतरणारी.

दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं की उद्या ताईला घेऊन येते, नवा एक्स-रे काढू.

"आणा की," ते म्हणाले. "लोखंड कुठं पळून जातं?"

घरी आले. ताई एका कोटाची बाही शिवत होती. मी उद्याचं सांगितलं. ती टीप घालत राहिली. बाहेर अजून उजेड होता. मी दार लोटलं, दिवा लावला, बसले.

जिन्यात पावलं वाजली.

मला वाटलं काका असतील. पण काकांचा पाय घासतो. ही पावलं घासत नव्हती. आधी टाच, मग तळवा. ठोके सम. कुठं टेकणं नाही, धाप नाही. प्रत्येक पायरीवर चांगला पाय आधी, मग दुसरा. एखाद्यानं मन लावून शिकलेलं म्हणून दाखवावं तसं.

पाठीमागे मशीन थांबलं.

"मुंगे," ताई म्हणाली. "कडी लाव."

पावलं काकांच्या दारावरून पुढं आली.

"मुंगे, ऐकतेस ना? बाजूला ठेव तो नेम. कडी लाव." तिला घाबरलेलं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ऑपरेशनला नेतानाही नाही. "मला उठवत नाही गं. तू लाव."

कडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी उठले असते तर पोचले असते. पण दाराशी येणारी तीही ताईच होती. तिच्या खुब्यावर टाके होते. आणि दिवा जळत होता.

पावलं दारापाशी थांबली. जास्तीचं पाऊल पडलं नाही.

मी डोळे मिटले.

दार हळूच उघडलं. उंबऱ्यापाशी कुणीतरी क्षणभर थांबलं, आणि माझ्याइतक्याच हळू आवाजात म्हणालं,

"आभारी आहे गं."

मग माझ्या पाठीमागून ते सम ठोके गेले. मशीनचं पायडल पुन्हा हललं.

दिवा शांत झाला तेव्हा मी वळले. ताई मशीनवर ताठ बसली होती, हात मांडीवर ठेवून, पाय सारखे टेकवून. मशीनखाली उंच तळाची चप्पल कलंडून पडली होती. सुईखाली कोटाची ती बाही होती. मी ती उजेडात धरली. अर्ध्यापर्यंत टीप दर वितीला डावीकडे झुकत आली होती आणि तिथून पुढं रुळासारखी सरळ गेली होती. ती बदलली त्या जागी मी नख फिरवून बघितलं.

दोरा कुठंही तुटलेला नव्हता.